फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल सायकलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला आल्प्सचे घाट आणि जुलैतली टूर द फ्रान्स शर्यत आठवते. इथली उत्तरं मात्र शर्यत जिथे फारशी फिरकत नाही त्या भागांबद्दल आहेत: मॉर्व्हानची जंगलं, ब्रिटनीतले कालवे, दक्षिणेकडची चुनखडीची पठारं. तासाभरात दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर भेटला तर तिथे गर्दी म्हणायची.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे नेमकी कोणती सायकल?

हँडल रोड बाईकसारखं वाकडं, टायर ४० मिमीच्या आसपास रुंद, डिस्क ब्रेक, चढाला पुरतील असे हलके गिअर आणि बॅगा बांधायला भरपूर जागा. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि मुरमाच्या रस्त्यावर घाबरवत नाही. दगडधोंड्यांच्या पायवाटांना मात्र एमटीबी, म्हणजे माउंटन बाईकच हवी.

नाव अमेरिकेतून आलं असलं तरी फ्रान्सला ही कल्पना नवी नाही. साँ-एतिएनचे पॉल द व्हिवी (१८५३–१९३०), सायकलवाल्यांचे ‘वेलोसिओ’, यांनी डोंगराळ भागातल्या लांबच्या प्रवासासाठी बदलत्या गिअरचा आग्रह धरला. तेव्हा शर्यतवाल्यांना गिअर बदलणं कमीपणाचं वाटे. टूर द फ्रान्समध्ये डेरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे वेलोसिओ गेल्यावर सात वर्षांनी. पुढे फ्रेंच कारागिरांनी ६५०बी या जरा लहान मापाच्या चाकांवर जाड टायर चढवून प्रवासी सायकली बनवल्या. त्या आजच्या ग्रॅव्हल बाईकच्या सख्ख्या पूर्वज आहेत असं माझं ठाम मत आहे. साँ-एतिएनजवळच्या कोल द ला रेप्युब्लिक खिंडीत वेलोसिओंचं स्मारक आहे. त्या बाजूला गेलात तर चढून जा.

रस्ते इतके रिकामे कसे? खरंच असतात का?

असतात, आणि त्यामागे इतिहास आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे स्वतःचा महापौर, स्वतःचं कार्यालय आणि स्वतःच्या ताब्यातले रस्ते असलेलं गाव, मग लोकवस्ती शंभराची का असेना. देशातले सगळे डांबरी रस्ते मिळून सुमारे ११ लाख किलोमीटर भरतात. द्रुतगती मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग त्यातले जेमतेम दोन टक्के, पण लांबची वाहतूक त्यांच्यावरच धावते. उरलेलं जाळं जिल्ह्यांचं आणि कम्यूनचं.

जाळं राहिलं, माणसं मात्र गेली. क्रूझ जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पावणेतीन लाखांहून जास्त लोक राहत, आज सव्वा लाखही नाहीत. लोझेर जिल्ह्यात पाच हजार चौरस किलोमीटरवर ऐंशी हजारांच्या आत वस्ती आहे. ईशान्येतल्या म्यूझपासून नैर्ऋत्येतल्या लांदपर्यंत असा विरळ वस्तीचा तिरका पट्टा पसरलेला आहे. तिथले भूगोलाचे लोक त्याला ‘रिकामा कर्ण’ म्हणतात. नकाशावर हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवला की निम्मं नियोजन झालंच.

कच्च्या रस्त्यांचंही तसंच. काही बैलगाड्यांच्या काळापासूनचे गावशिवेचे रस्ते आहेत. काही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तुकडेजोड योजनेत ट्रॅक्टरसाठी आखले गेले. ते सरळ आणि रुंद असतात, सावली मात्र देत नाहीत, कारण याच योजनेत बांधावरची झाडझुडपं हजारो किलोमीटर तोडली गेली. जंगलात लाकूडतोडीचे रस्ते आहेत, कालव्यांच्या काठाने बोटी ओढायच्या वाटा आहेत, आणि १८७९च्या फ्रेसिने योजनेतून गावोगावी पोचलेले, नंतर बंद पडलेले लोहमार्ग आहेत. त्यांचे रूळ उचलून सायकलमार्ग झाले. या मार्गांना व्वा व्हर्त म्हणतात.

शांत रस्ता नकाशावर ओळखायचा कसा?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. ॲपने आखून दिलेल्या मार्गावर डोळे मिटून निघालं तर एक तर मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकमागे जाता, नाहीतर काटेरी झुडपांत.

आधी मिशलँ कंपनीच्या कागदी नकाशाची सवय करा. लाल रस्ते टाळायचे, पिवळे गरजेपुरते वापरायचे, पांढरे आपले. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य मानलेला आहे. पण हिरव्या रेघेचा लाल रस्ता हा लालच रस्ता, हे विसरू नका.

मग रस्त्याचा क्रमांक बघा. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. आकडा मोठा असेल तर रस्ता लहान, असा ढोबळ नियम सांगितला जातो, पण त्यात एक खड्डा आहे. राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे सोपवले गेले तेव्हा त्यांना नऊशेच्या किंवा हजाराच्या घरातले नवे क्रमांक मिळाले. बर्गंडीतला डी-९०६ हा जुना एन-६, आणि आल्प्सच्या कडेचा डी-१०७५ हा जुना एन-७५. असले आकडे दिसले की वाट बदला. डी-१४३ किंवा डी-२८७ असा आकडा असेल आणि तो दोन छोट्या गावांनाच जोडत असेल, तर बिनधास्त जा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तोच रस्ता नवा क्रमांक घेतो, कधीकधी डांबराचा पोतही बदलतो.

कच्च्या वाटांसाठी आयजीएन या सरकारी संस्थेचा १:२५,००० चा नकाशा लागतोच. इंटरनेटवर तो फुकट बघता येतो. अखंड काळी रेषा म्हणजे ट्रॅक्टर किंवा जीप जाईल अशी वाट, तुटक बारीक रेषा म्हणजे पायवाट. अखंड रेषेवर भरवसा ठेवा. तुटक रेषा समोच्च रेषांना आडवी कापत असेल तर तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागणार. मग त्याच जागेचं हवाई छायाचित्र बघा: पांढरट पट्टा दिसला तर खडी टाकलेली आहे, हिरव्यात दोन फिकट चाकोऱ्या दिसल्या तर गवत आहे, आणि झाडांखाली काहीच दिसत नसेल तर पर्यायी वाट हाताशी ठेवा. शेवटी, वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते ते टोक स्ट्रीट व्ह्यूमध्ये उघडा. फाटक, पाटी, चिखल, सगळं तिथे दिसतं. हा उद्योग रात्री दोन तास करायचा कंटाळा येतो, पण दुसऱ्या दिवसाचे चार तास वाचतात.

म्हणजे सगळा प्रवास कच्च्या रस्त्यानेच करायचा का?

नाही. निम्मं डांबर, निम्मा मुरूम असा मार्ग मला सर्वांत आवडतो. गाडीचा आवाज कानावर न येणं हे खरं सुख, आणि फ्रान्समधला एकपदरी गावरस्ता ते सुख मुरमाइतकंच देतो. गावातून जाणारं डांबर सोडून रानातल्या दगडी वाटेने जायचा हट्ट धरला तर बेकरीही हुकते आणि गावही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

बर्गंडीतून. फ्रान्समधला पहिला व्वा व्हर्त तिथेच झाला: जिव्हरी ते क्ल्युनी, ४४ किलोमीटर, १९९७ साली, जुन्या लोहमार्गावर. पृष्ठभाग गुळगुळीत आहे, चढ रेल्वेचा म्हणजे जाणवेल न जाणवेल इतपत, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. पुढे माकाँकडे जाताना ब्वा क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा डोंगरावरून जावं लागतं.

दोन दिवस असे पाय मोकळे केले की पश्चिमेला मॉर्व्हान गाठा. हा ग्रॅनाइटचा, जंगलांचा डोंगराळ प्रदेश. सर्वांत उंच ठिकाण ओ-फोलँ, ९०१ मीटर. उंची कमी वाटते, पण रस्ता सारखा खालीवर करतो आणि दिवसाअखेर हजार-बाराशे मीटर चढाई सहज भरते. जंगलातले लाकूडतोडीचे रस्ते ग्रॅव्हलसाठीच केलेत असं वाटावं इतके चांगले असतात, पाऊस पडून गेला नसेल तर. पावसानंतर लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये हातभर पाणी साचतं. ले सेत्तोंचा तलाव वाटेत घ्या. त्याचं धरण १८६१ साली पुरं झालं. पॅरिसच्या चुलींसाठी लाकूड नदीतून वाहून नेत, त्यासाठी पाणी साठवायला ते बांधलं. मों बव्रेवर बिब्राक्त आहे, सीझरच्या काळातलं गॉल लोकांचं नगर. तिथवर चढायला दम लागतो, पण उत्खनन बघायला मिळतं. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून अव्हालों किंवा क्लामसीला थेट प्रादेशिक गाडी आहे, त्यामुळे विमानतळावरून इथे पोचणं सोपं.

थोडं अनुभवी असेन तर?

तर माझी पसंती कोस मेजाँला. लोझेरमधलं हे चुनखडीचं पठार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि चहूबाजूंनी तार्न, जोंत यांच्या दऱ्यांनी कापलेलं आहे. फ्लोराककडून निघालात तर सुरुवातीलाच चारशे-पाचशे मीटरचा घाट. वर आलं की झाडं संपतात. गवत, मेंढ्या, दगडी घरांच्या चार-सहा उंबऱ्यांच्या वस्त्या आणि त्यांना जोडणारे पांढरे रस्ते. चुनखडीत पाणी मुरून जातं, म्हणून वर ना ओढा ना झरा. तीन लिटर पाणी खालूनच भरून घ्या. पठारावर व्हिलारे इथे प्रझेव्हाल्स्कीचे रानटी घोडे राखलेले आहेत, रस्त्यावरूनच दिसतात. कोस आणि सेव्हेन हा सगळा मेंढपाळ प्रदेश २०११पासून जागतिक वारशात आहे.

आणखी दक्षिणेला बेदारियू ते माझामे हा ‘पासा पाई’ मार्ग आहे, सुमारे ऐंशी किलोमीटरचा. लोहमार्गच, पण डांबर न टाकता दाबून बसवलेल्या बारीक खडीचा. बोगद्यांतून जातो, दिवा हवा. ऑलार्ग गावाचं दर्शन पुलावरून होतं तिथे थांबल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

महिनाभर हाताशी असेल आणि पाय तयार असतील तर ‘मासिफ सॉन्त्रालची महायात्रा’ आहे: अव्हालोंपासून भूमध्य समुद्रावरच्या काप दाग्दपर्यंत, सुमारे १४०० किलोमीटर. तो मुळात एमटीबीचा मार्ग, त्यामुळे ग्रॅव्हलवाल्यांना काही टप्पे वळसा घालूनच करावे लागतात.

कुटुंबासोबत किंवा मुलांसोबत?

ब्रिटनीतला नान्त–ब्रेस्त कालवा. काठाची वाट ३६० किलोमीटरच्या वर, जवळजवळ सपाट, मोटारींना बंदी. दर दोन-तीन किलोमीटरला जलद्वार आणि त्याच्या राखणदाराचं फुलझाडांनी वेढलेलं घर. मालेस्त्रोआ ते जोसलँ हा तुकडा मुलांनाही झेपतो.

कॅनाल द्यु मिदीचं काय? ते तर सर्वांत प्रसिद्ध आहे.

पियेर-पॉल रिके यांनी बांधलेला दक्षिणेतला हा कालवा (१६६६–१६८१) बघायलाच हवा, यात वाद नाही. पण सायकल चालवायला तो दिसतो तितका सोपा नाही. तुलूझपासून सुरुवातीचे सुमारे पन्नास किलोमीटर डांबरी, आणि सुटीच्या दिवशी गजबजलेले. पुढे मातीची अरुंद वाट, प्लेन जातीच्या झाडांच्या मुळांनी उचकटलेली. २००६पासून या झाडांवर बुरशीचा रोग आहे आणि ती हजारोंनी तोडावी लागली, त्यामुळे काही टप्प्यांवर सावली उरलेली नाही. नवी झाडं लावलीत, ती वाढायला वेळ लागेल. ४० मिमी टायर असेल तर जा, मे किंवा सप्टेंबरमध्ये जा.

लोआर नदीचा मार्ग?

सुंदर, सोपा, आणि भरलेला. एकांत हवा असेल तर इथे नको.

कच्च्या वाटेवर सायकल न्यायला परवानगी असते का?

बहुतेक ठिकाणी असते. ‘शमँ रुराल’ म्हणजे गावाच्या मालकीची, सर्वांना खुली वाट, आपल्याकडच्या पाणंदीसारखी. १९९१च्या कायद्याने मोटारी आणि मोटारसायकलींना रानात आडवाटेने फिरायला बंदी केली, सायकलला नाही. सरकारी जंगलातल्या रस्त्यांवर आडवा दांडा असेल तर तो बहुधा मोटारींसाठी असतो. पाटी वाचून मगच बाजूने जा.

खाजगी वाट वेगळी. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ किंवा ‘शमँ प्रिव्हे’ अशी पाटी दिसली की परत फिरा. २०२३च्या कायद्यानंतर पाटी लावलेल्या खाजगी रानात शिरणं दंडपात्र आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जीआर पायवाटा चालणाऱ्यांसाठी आखलेल्या असतात. त्यांवर सायकलला सरसकट बंदी नाही, पण चालणारा दिसला की थांबायचं आपण. गुरांचं फाटक उघडलंत तर मागे नीट लावून घ्या. शेतकऱ्याच्या रागाचं सर्वांत मोठं कारण तेच असतं.

प्रोव्हान्समध्ये जून ते सप्टेंबर वणव्याचा धोका बघून प्रशासन जंगलं रोजच्या रोज उघडतं किंवा बंद करतं. आदल्या संध्याकाळी जिल्हा प्रशासनाचा नकाशा बघितल्याशिवाय तिथल्या जंगलात शिरू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

मेच्या मध्यापासून जूनअखेर, किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत चाळीस अंशांची लाट येऊ शकते आणि वर मुक्काम मिळत नाही. ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मार्ग आखू नका. उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, म्हणजे तो पाठीशी राहतो.

शिकारीचा हंगाम म्हणजे काय भानगड आहे?

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर जंगलात रानडुक्कर आणि हरणांची शिकार चालते, विशेषतः शनिवार-रविवारी. हाकारा असेल तर रस्त्यावर ‘शास आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी ठेवलेली असते. ती दिसली की त्या जंगलात जायचं नाही, मार्ग कितीही लांबला तरी. बाकी दिवशी भडक नारिंगी किंवा पिवळं जाकीट घाला.

टायर किती रुंद आणि हवा किती?

४० ते ४५ मिमी, ट्यूबलेस. सत्तर किलोच्या माणसाला ४२ मिमी टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय पुरते. बॅगा असतील तर मागे थोडी जास्त. शाम्पान्य, नॉर्मंडी, पिकार्डी इथल्या खडूच्या जमिनीत गारगोटीच्या जातीचा दगड असतो. तो फुटला की धार पात्यासारखी होते आणि टायरची बाजूची भिंत चिरते. छिद्र बुजवायला टायरमध्ये घातलेलं सीलंट तिथे हरतं. आतून लावायला जाड ठिगळ आणि एक ट्यूब जवळ असू द्या. शाम्पान्यमधल्या त्रुआ शहराच्या आसपासच्या याच पांढऱ्या रस्त्यांवरून २०२४च्या टूर द फ्रान्सचा नववा टप्पा गेला, १४ तुकडे मिळून ३२ किलोमीटर. ओल्या खडूचा चिखल चेनला सिमेंटसारखा चिकटतो, संध्याकाळी धुतल्याशिवाय झोपू नका.

गिअर?

पुढच्या चकतीपेक्षा मागची सर्वांत मोठी चकती मोठी हवी. ४०ला ४४ किंवा त्याहून मोठी. पंधरा टक्क्यांचा कच्चा चढ बसूनच चढावा लागतो. उभं राहिलं की मागचं चाक जागेवरच फिरतं.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

आठवड्याभरासाठी भाड्याने, त्याहून जास्त दिवसांसाठी स्वतःची. मोठ्या शहरांत ग्रॅव्हल बाईक भाड्याने मिळते, पण जून महिन्यासाठी मार्चमध्येच सांगून ठेवा, आणि आपली उंची, पेडलचा प्रकार, बॅगांची गरज स्पष्ट कळवा. खोगीर मात्र स्वतःचं न्या.

ट्रेनमध्ये सायकल चढवता येते का?

प्रादेशिक टीईआर गाड्यांमध्ये सायकल आहे तशी घेऊन चढता येते. बहुतेक ठिकाणी फुकट, काही प्रांतांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं. टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांमध्ये सायकलची जागा आगाऊ घ्यावी लागते, नाहीतर चाकं काढून पिशवीत घालून सामान म्हणून न्यावी लागते. माझा सल्ला टीईआरचाच. दोन तास जास्त जातात, पण छोट्या स्टेशनवर उतरून थेट पांढऱ्या रस्त्याला लागता येतं.

पिण्याचं पाणी कुठे मिळतं?

स्मशानभूमीत. ऐकून आपल्याकडचा माणूस बिचकतो, म्हणून सविस्तर सांगते. जवळपास प्रत्येक गावाला चर्चलगत किंवा वेशीवर दगडी भिंतीचं स्मशान असतं. लोखंडी फाटक ढकललं की आत शिरताच कडेला नळ, आणि शेजारी आकड्यांना अडकवलेल्या प्लास्टिकच्या झाऱ्या. लोक थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला येतात त्यासाठी ही सोय. पाणी बहुधा गावच्या नळाचंच असतं. ‘ओ नॉं पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर प्यायचं नाही, एवढं वाचून घ्यायचं. हेल्मेट काढा, हळू बोला, सायकल आत नेऊ नका. कोणी आजी तिथे असतील तर ‘बोंझूर’ म्हणा. बाटली भरताना मला आजवर कोणी हटकलेलं नाही, उलट कुठून आलात म्हणून चौकशीच झाली. थंडीत हे नळ बंद असतात.

शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं?

होतं, पण वेळ आणि शब्द दोन्ही सांभाळावे लागतात.

आधी वेळ. गावातली दुकानं साडेबारा ते तीनच्या दरम्यान बंद. हॉटेलातलं जेवण बारा ते दीड. अडीचला पोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. म्हणून रविवारचा आणि सोमवारचा शिधा शनिवारीच बॅगेत पडला पाहिजे. हल्ली बेकरी नसलेल्या गावांत बाग्येतचं यंत्र असतं, नाणं टाकलं की पाव बाहेर.

आता शब्द. ‘व्हेजितारियँ’ म्हटलं तरी ताटात लार्दों येऊ शकतात, म्हणजे डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे. सॅलड, किश, ऑम्लेट, कशातही. मागवतानाच ‘सां व्हियांद, सां लार्दों, सां प्वासों’ (मांस नको, लार्दों नको, मासे नकोत) असं तिन्ही सांगा. ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाची, धिरड्यासारखी गॅलेत मिळते. ‘कोंप्लेत’मध्ये हॅम असतं, ते वगळून अंडं आणि चीज घ्या. ओब्राक भागात आलिगो मागवा: बटाटा, ताजं चीज आणि लसूण घोटून केलेलं, वाढताना हातभर तार सुटते. सोबत सॉसेज नको म्हणून सांगा. त्याच भागातली त्र्युफाद मात्र बहुधा चरबीत परतलेली असते. कांद्याचं सूप गोमांसाच्या रश्शात असू शकतं, आणि उत्तरेत बटाट्याचे फ्राइज गोमांसाच्या चरबीत तळतात. हे विचारून घ्या.

काटेकोर शाकाहारी असाल तर चीजचंही बघावं लागेल. कोंते, रोकफोर यांसारख्या पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या पिल्लाच्या जठरातलं विरजण वापरतात. पाव मात्र निर्धास्त खा. ‘बाग्येत द त्रादिस्यों’मध्ये काय घालायचं ते १९९३च्या सरकारी आदेशाने ठरवलेलं आहे: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. सोबत शेंगदाण्याची चटणी घरून नेलेली असेल तर डोंगरावर मेजवानी होते.

रात्रीचा मुक्काम?

नगरपालिकेचा ‘कांपिंग म्युनिसिपाल’. तंबू टाकायला गवत, गरम पाण्याची अंघोळ, बऱ्याचदा नदीकाठ, आणि खर्च अगदी कमी. सप्टेंबरमध्ये अनेक बंद होतात. डोंगरात ‘जीत देताप’ ही पदयात्रींची धर्मशाळावजा घरं असतात. रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून दर सांगतात, शाकाहार आदल्या दिवशी फोनवर कळवा. ‘आक्यई व्हेलो’ची पाटी असेल तिथे सायकल कुलपात ठेवता येते आणि दुरुस्तीची हत्यारं मिळतात. रानात कुठेही तंबू ठोकणं समुद्रकिनारी आणि संरक्षित जागी बंद आहे. काही राष्ट्रीय उद्यानांत एका रात्रीपुरती मुभा असते, नियम प्रत्येकाचे वेगळे.

वाहतुकीचे कोणते नियम पक्के लक्षात ठेवावे?

फ्रान्समध्ये उजवीकडून चालवतात, हे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर स्वतःला सांगावं लागतं. त्याहून घोळाचा नियम म्हणजे ‘उजवीकडून येणाऱ्याला आधी’. गावात पाटी नसेल तिथे उजव्या हाताच्या बोळातून येणारी गाडी न थांबता बाहेर येईल, कारण हक्क तिचा आहे. तिथे वेग कमी करा.

घंटी आणि अंधारात दिवे सक्तीचे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकतं जाकीट सक्तीचं. हेल्मेट बारा वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं, पण तुम्ही घालाच. इअरफोन लावून सायकल चालवली तर १३५ युरो दंड आहे. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सायकलला मागे टाकताना गाडीने गावाबाहेर दीड मीटर अंतर राखायचं असतं. लहान रस्त्यांवर चालक ते राखतात, हा माझा अनुभव आहे.

कुत्र्यांची भीती वाटते.

गावातले कुत्रे बहुतेक कुंपणाआड असतात. सावध राहायचं ते ‘पातू’पासून, म्हणजे मेंढ्यांचा कळप लांडग्यापासून राखणारा मोठा पांढरा कुत्रा. आल्प्स आणि पिरेनीजमध्ये जास्त. तो भुंकत आला की सायकलवरून उतरा, सायकल मध्ये धरा, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, ओरडू नका, काठी उगारू नका. कळपापासून लांबून वळसा घेत चालत जा. तो मागे येईल, वास घेईल आणि कळप सुरक्षित आहे असं वाटलं की परत जाईल. पळवत नेलेली सायकल त्याला हल्ल्यासारखी वाटते.

याहून दुर्लक्षित धोका गोचिडीचा. उंच गवतातून गेलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, मांडीवर, काखेत तपासा. लाइम आजार त्यांच्यातून होतो. औषधाच्या दुकानात ‘तीर-तीक’ नावाचा छोटा आकडा मिळतो, त्याने ती सबंध निघते.

बाईमाणसाने एकटीने जावं का?

मी एकटीने चालवते, म्हणून बिचकत सांगत नाही: जा. कोणत्या गावात मुक्काम आहे ते रोज घरी कळवा. लोझेर, क्रूझमध्ये कित्येक किलोमीटर मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. मदतीला ११२.

मी ब्रेव्हे करते. दिवसाला दोनशे किलोमीटर जमतील ना?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या रांदोनर मंडळींकडून, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ल्याच्या फेऱ्या (ब्रेव्हे) पुऱ्या करणाऱ्यांकडून नेहमी येतो, आणि स्वाभाविक आहे. १९३१पासून हौशी सायकलस्वारांसाठी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसमध्ये, १२०० किलोमीटर नव्वद तासांत, महाराष्ट्रातून बरेच जण उतरतात. ब्रिटनीतले छोटे डांबरी रस्ते त्यांनी रात्रीच्या दिव्यात पाहिलेले असतात. ग्रॅव्हलवर तो हिशेब धरू नका. बॅगांसकट साठ ते ऐंशी किलोमीटर आणि हजार मीटर चढ म्हणजे भरलेला दिवस. दुपारच्या जेवणाची वेळ गाठायची असेल तर त्याहूनही कमी ठेवा.

व्हिसासाठी सायकल प्रवासाचा आराखडा कसा दाखवायचा?

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. त्यात सायकलिंगचा अपघात धरला आहे का, तेही वाचून घ्या. मुक्कामाचे पुरावे मागतात, म्हणून रद्द करता येतील अशी आरक्षणं करून तारखावार गावांची यादी जोडा.

फ्रेंच येत नाही. चालेल?

चालेल, पण दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. बोंझूरशिवाय थेट विचारलं तर उद्धटपणा समजतात आणि उत्तर तुटक मिळतं. रस्त्यात भेटलेल्या ट्रॅक्टरवाल्यालाही हात करा.

मध्येच सायकल मोडली तर?

मोठ्या गावाबाहेरच्या बाजारपेठेत डेकॅथलॉन किंवा सायकलचं दुकान बहुधा मिळतं. ट्यूब, चेन, ब्रेक पॅड यांची सोय होते. डेरेलर हँगर, म्हणजे डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मात्र प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि तो कोणाकडेच नसतो. निघण्याआधी आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर मागवून बॅगेत टाका. दुकान रविवारी आणि बरेचदा सोमवारीही बंद असतं, तेव्हा शनिवारी संध्याकाळी आवाज येऊ लागला तर सोमवारची वाट न बघता त्याच वेळी दाखवा.